आमची साइट फोनवर आली तेव्हा

चौथ्या मजल्याचा स्लॅब भरून पाच दिवस झाले होते. सकाळी प्लंबिंगचा ठेकेदार टेप घेऊन वर गेला आणि दहा मिनिटांत खाली येऊन माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. "साहेब, बाथरूमचे डक्ट सगळे फूटभर सरकलेत." मी सुपरवायझरला हाक मारली. त्याने खिळ्यावर टांगलेला, लॅमिनेट केलेला नकाशा आणला. त्याप्रमाणे स्लॅबमधले कटआउट, म्हणजे डक्टचे पाइप जायला ठेवलेली भोकं, अगदी जागेवर होते. ठेकेदाराने स्वतःकडचा नकाशा उलगडला. त्यात डक्ट ३०० मिलिमीटर आत घेतलेला. एक आर-टू, दुसरा त्यानंतरची सुधारित आवृत्ती, आर-थ्री.

सुधारित नकाशा आर्किटेक्टच्या ऑफिसमधून दिवाळीच्या तोंडावर मेलवर आला होता. मी तो फोनवरच पाहिला, प्लंबिंगवाल्याला पाठवला, ज्युनिअर इंजिनिअरला पाठवला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी सुट्टीवर गावी गेला आणि साइटसाठी मोठी ए-वन प्रिंट काढायची राहून गेली. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचा साचा बांधणाऱ्या माणसांकडे जुना कागद होता. त्यांनी त्या कागदाबरहुकूम काम केलं होतं, एक सूतही इकडे-तिकडे नाही. त्यांना बोल लावायला जागाच नव्हती.

मग स्ट्रक्चरल कन्सल्टंटना बोलावलं. कुठली सळई कापायची, कुठलीला हात लावायचा नाही, हे त्यांनी खुणा करून दिलं. प्रत्येक डक्ट एका बाजूने कापायचा, दुसऱ्या बाजूने ड्रिल मारून केमिकल भरून सळया रोवायच्या आणि पुन्हा काँक्रीट भरायचं. आठ दिवस गेले. ही २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुण्यात पुनावळ्याच्या बाजूला आमच्या दोन इमारती चालल्या होत्या, पार्किंग आणि वर बारा मजले. मी प्रोजेक्ट मॅनेजर. डिप्लोमा करून साइटवर आलो त्याला तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती.

आमच्याकडे तोवर संगणक नव्हता असं नाही. काम सुरू करताना एमएस प्रोजेक्टमध्ये तीनशे-साडेतीनशे ओळींचा बारचार्ट केला होता, त्याची रंगीत प्रिंट केबिनच्या भिंतीवर होती. दोन महिन्यांनी तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. खरं नियोजन दोन ठिकाणी राहत होतं: शटरिंगच्या मुकादमाच्या डोक्यात आणि माझ्या खिशातल्या डायरीत. दिवसभराची प्रगती सुपरवायझर रजिस्टरमध्ये लिहायचा, ज्युनिअर इंजिनिअर रात्री आठनंतर तीच एक्सेलमध्ये भरायचा, हेड ऑफिस ती छापून फाइलला लावायचं. व्हॉट्सअ‍ॅपचे सात ग्रुप होते. त्यात रोज पन्नास फोटो पडायचे आणि महिन्याभराने त्यातला कुठला फोटो कुठल्या मजल्याचा हे कोणालाही सांगता यायचं नाही.

डक्टच्या प्रकरणानंतर मालकांनी सॉफ्टवेअर घेतलं. डिसेंबरपासून सगळं फोनवर: नकाशे, हजेरी, स्टोअर, तपासणी, रोजचा अहवाल. शिकवायला आलेला मुलगा हुशार होता, मराठीही चांगलं बोलत होता, पण त्याने स्लॅब भरताना कधी पाहिलेला नव्हता. दोन तासांत त्याने आम्हाला बेचाळीस रकान्यांचा फॉर्म दाखवला.

पहिले तीन महिने वाईट गेले. का गेले ते मला सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या ओळखीच्या बऱ्याच साइटवर हे पाऊल इथेच अडखळलं आणि मग सगळे म्हणाले की आपल्या लोकांना जमत नाही.

बेचाळीस रकाने भर उन्हात, हातमोजे काढून, सिमेंटच्या बोटांनी कोण भरणार? सुपरवायझर संध्याकाळी चहाच्या वेळी एका बसकणीत दिवसभराचं भरायचा. सगळीकडे 'ठीक', सगळीकडे १०० टक्के. हेड ऑफिसच्या पडद्यावर साइट हिरवीगार दिसायची. शिवाय बिलिंग आणि अकाउंट्सवाले म्हणायचे, आम्हाला सहीचा कागद लागतो. म्हणजे रजिस्टर चालूच, वर फोन. तळघरातल्या स्टोअरमध्ये नेटवर्क नाही. स्टोअरचे काका चलनाचा फोटो काढून रॅम्पवरून वर यायचे, तो गेला की पुन्हा खाली. साठीला आलेला माणूस दिवसातून पंधरा वेळा.

सर्वांत जास्त दुखलं ते हजेरीत. गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र लावलं. सकाळी दीडशे माणसं, डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर धूळ. यंत्र एकेकाला तीनदा उभं करायचं. कामाचा पहिला अर्धा तास रांगेत. पण खरा घोळ पहिल्या पगाराला झाला. आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी हेल्पर रात्री उशिरापर्यंत थांबतात, त्याची दीड हजेरी लागते. मुकादमाच्या वहीत 'दीड' असतं, 'अर्धी' असते, 'डबल' असते. यंत्राला फक्त हजर आणि गैरहजर एवढंच ठाऊक. त्या पंधरवड्यात तीन स्लॅब झाले होते. माणसांच्या हातात पैसे कमी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी वर चढलं नाही.

शटरिंगचे मुकादम जतकडचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची माणसं बिहार आणि मालदा भागातली. अण्णा माझ्यासमोर बसले, आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, एवढंच सांगा. हे यंत्र आमचं काम मोजायला आणलंय, का आमचे पैसे कापायला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण मीही ते सॉफ्टवेअर हेड ऑफिसच्या डोळ्यांनीच पाहत होतो. वरच्यांना माहिती मिळावी म्हणून खालच्यांनी भरायचं. भरणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

त्या दिवशी दुपारी मेसमध्ये बसलो. अण्णा, स्टील फिटरचा मुकादम, स्टोअरचे काका, दोन सुपरवायझर, ज्युनिअर इंजिनिअर आणि मी. एक गोष्ट ठरवली: जो भरेल त्याला त्याच नोंदीतून काहीतरी परत मिळालं पाहिजे. बेचाळीस रकाने सातवर आणले. भाषा मराठी आणि हिंदी. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहील आणि वर आल्यावर आपोआप जाईल, ही सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, कोणी चालू केली नव्हती. हजेरीत दीड, अर्धी, डबल घातली आणि दर शनिवारी मुकादमाच्या फोनवर माणसागणिक हजेरीचा तक्ता जायला लागला, म्हणजे चूक असेल तर पगाराच्या आधी कळेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, त्याच मापांवरून निघणार, मापं मंजूर झाल्यापासून दहा दिवसांत पैसे. यासाठी मला अकाउंट्सशी दोन महिने भांडावं लागलं. सहीच्या कागदाचा हट्ट त्यांनी सोडला तेव्हा कुठे रजिस्टर बंद झालं. माझ्या मते खरा बदल त्या दिवशी झाला. सॉफ्टवेअर तर तीन महिने आधीच आलं होतं.

नकाशांचं काम सोपं निघालं. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या भिंतीला क्यूआर कोड लावला. फोन धरला की त्या मजल्याचा चालू नकाशा उघडतो, जुना उघडतच नाही. कागदी प्रिंट हव्याच असतात, उन्हात फोनची काच दिसत नाही. पण नवी आवृत्ती आली की जुनी प्रिंट परत घेऊन तिच्यावर 'रद्द' शिक्का मारल्याशिवाय नवी द्यायची नाही. त्यानंतर नकाशाच्या आवृत्तीवरून आमच्याकडे एकही चूक झाली नाही.

स्लॅब भरण्याची पद्धत मात्र मुळापासून बदलली. पूर्वी आदल्या रात्री मी वर जाऊन फेरी मारायचो, चुका तोंडी सांगायचो, सकाळी पोर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही करायचो. सांगितलेल्यातलं काय दुरुस्त झालं आणि काय राहिलं, हे पंपाच्या आवाजात कोण पाहतंय? आता पायऱ्या ठरल्या. शटरिंगची लेव्हल आणि प्रॉप, म्हणजे खालचे टेकू, मग सळई, मग सळईखालचे कव्हर ब्लॉक, मग वायरिंगचे पाइप आणि कटआउट. प्रत्येक पायरीला टेप लावलेला फोटो. कन्सल्टंटचा इंजिनिअर डेक्कनच्या ऑफिसमधून फोटो पाहतो, शंका असेल तर त्याच फोटोवर गोल करून पाठवतो. महत्त्वाचे बीम असले की तो स्वतः येतो, ते फोटोवर सोडत नाही आणि सोडूही नये. शेवटची पायरी मंजूर झाल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डरच जात नाही.

काँक्रीट रेडीमिक्सचं. गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरला पाहिजे, असं आयएस ४९२६ हे भारतीय मानक सांगतं. प्लँटमधून निघालेली वेळ, गेटवरची वेळ, रिकामी झालेली वेळ, स्लम्प किती, म्हणजे माल किती पातळ, माल कुठल्या भागात ओतला, हे प्रत्येक गाडीमागे नोंदवायला लागलो. महिन्याभरात दिसलं की संध्याकाळी हिंजवडीचं आयटी पार्क सुटण्याच्या वेळी निघालेल्या गाड्या दोन तासांच्या अगदी कडेला पोचतात. आणि उशीर झाला की कोणीतरी घट्ट झालेल्या मालात पाणी मारायला सांगतोच. आम्ही स्लॅब सकाळी सहाला सुरू करायला लागलो. यात तंत्रज्ञान म्हणावं तर प्रत्येक गाडीच्या त्या तीन वेळांची नोंद, एवढंच.

या नोंदीचं मोल मला त्या पावसाळ्यात कळलं. आमच्या १२० घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ प्रमाणे किमान ६ नमुने लागतात, प्रत्येकाचे ३ क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, ताकद पाहायला २८ दिवसांनी फोडायचे. ७ दिवसांचे आम्ही वेगळे भरतो. हे क्यूब विसरणं किती सोपं असतं ते साइटवरच्या माणसाला विचारा: टाकीत पडून राहतात, चाळीसाव्या दिवशी आठवण येते. आता त्या-त्या तारखेला फोन वाजतो. एकदा कॉलमच्या एका नमुन्याचे २८ दिवसांचे क्यूब ताकदीत कमी आले. पूर्वी असं झालं की "ती गाडी बहुतेक पूर्वेच्या बाजूला गेली असेल" यावर पुढचं सगळं चालायचं. या वेळी गाडीचा नंबर होता, वेळ होती, कॉलमचे नंबर होते. चार कॉलम. ताकद अजमावायला रिबाउंड हॅमर मारला, दोन ठिकाणी काँक्रीटचे कोअर, म्हणजे गोल तुकडे काढले, कन्सल्टंटनी निकाल पाहून एका कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचं वेष्टण सांगितलं. ते केलं. त्या कॉलमवर आता सहा मजले उभे आहेत आणि त्यात माणसं राहतात. 'बहुतेक'वर सोडलं असतं तर मला झोप लागली नसती.

आता उलटी बाजू. पडद्यावर तारखा दिसायला लागल्या की त्या पुढे ओढण्याचा मोहही होतो. जानेवारीत हेड ऑफिसमधून फोन आला: बी इमारतीचं ब्लॉकवर्क, म्हणजे भिंतींचं काम, लाल दिसतंय, मागे पडलंय, खालचे प्रॉप अजून का काढले नाहीत? ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे प्रॉप ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचेही १४, त्यापुढे २१. पण हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटचे आणि १५ अंशांखाली न उतरणाऱ्या हवेचे. जानेवारीतली पुण्याची पहाट त्याखाली सहज जाते, आणि आमच्या मालात फ्लाय अ‍ॅश होती. म्हणजे आम्हाला त्याहून जास्त थांबायला हवं होतं. फोनवर मी हे सांगितलं. पण पुढच्या वेळी माझ्या जागी नवखा इंजिनिअर असेल तर? वरून साहेबांचा आवाज आला की तो प्रॉप काढेल. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना सांगून ते दिवस नियोजनात कुलूप लावून ठेवले. कन्सल्टंटच्या मंजुरीशिवाय ते कोणालाही कमी करता येत नाहीत, मालकांनाही नाही. मालकांनी ते मान्य केलं, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

जी गोष्ट मला सर्वांत जास्त बदलून गेली ती सात रकान्यांतली शेवटची. रोज संध्याकाळी सुपरवायझरने लिहायचं: उद्याचं काम अडलंय का, कशासाठी, कोणाकडे. सहा महिन्यांनी त्या नोंदी कारणांप्रमाणे लावल्या. दरमहाच्या मीटिंगमध्ये उशिराचं कारण म्हणून मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलो होतो: लेबर. लेबर कमी, लेबर गावी गेलं, लेबर पळालं. दिवाळी आणि छठपूजेच्या दिवसांत ते खरंही असतं. पण यादीत अर्ध्याहून जास्त दिवस वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. टाइल्सची निवड मालकांकडे. लिफ्टच्या खड्ड्याचा तपशील लिफ्टच्या कंपनीकडे. खिडक्यांची मापं आर्किटेक्टकडे. आणि चौथ्या ओळीवर माझं नाव होतं. मंजुरीसाठी माझ्याकडे आलेल्या गोष्टी दोन-तीन दिवस तशाच पडत होत्या, कारण मी दिवसभर वर आणि मेल पाहायचो रात्री.

ती यादी मी घरी नेली. बायको म्हणाली, चेहरा का उतरलाय? मला वीस वर्षांतल्या मीटिंगा आठवत होत्या. त्यांत आमच्याकडून कधी कोणी बोललं नव्हतं की माणसं वर उभी होती, सामान होतं, फक्त आमचं 'हो' आलेलं नव्हतं. अण्णांची माणसं रिकामी बसली की त्यांचा खाडा पडायचा आणि अहवालात दोषही त्यांच्याच नावावर जायचा.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेआठ ते नऊ मी फक्त अडलेल्या गोष्टींना द्यायला लागलो. मालकांबरोबर दर मंगळवारी अर्धा तास, फक्त निवडी. आमच्या स्लॅबचं चक्र चौदा दिवसांवरून अकरावर आलं. माणसं तेवढीच होती.

महारेराचं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं कामही यामुळे सुधारलं. २०१७ पासून दर तिमाहीला प्रकल्पाची प्रगती त्यांच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि त्यातून काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांची प्रमाणपत्रं लागतात. पूर्वी तिमाही संपली की आठवडाभर धावपळ, हा आकडा कुठून, तो कुठून. आता मोजलेलं काम एकच आहे. बिलाला एक टक्केवारी आणि प्रमाणपत्राला दुसरी, असं करायला वावच राहिला नाही. घर घेणाऱ्याला याच्याइतकं मोलाचं दुसरं काही देता येत नाही, असं मला वाटतं.

पुढच्या प्रकल्पात आम्ही बिम मॉडेल, म्हणजे इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल करून घेतलं. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून फाइव्ह-डी बिम वापरलं होतं, ते मोठ्यांचं काम. आमच्या आकाराच्या इमारतीला तेवढं झेपत नाही. पण पार्किंगमधली आग विझवायची पाइपलाइन बीमच्या खालून नेली तर गाडीच्या टपाला उंची पुरत नाही, हे पाया खणण्याआधी पडद्यावर दिसलं. बीममध्ये स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला नळीची वाट ठेवायला वेळ मिळाला.

स्टोअरच्या काकांबद्दल लिहायचं राहिलं. सळईचा हिशेब ते तोंडी करायचे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, झालं एका मीटरचं वजन. त्यांना वाटलं आता आपली गरज संपली. उलट झालं. वजनकाट्याची पावती, आलेला माल, कापलेली सळई आणि भंगार हे सगळं एका ठिकाणी आल्यावर एका मापाची सळई दर खेपेला थोडी कमी भरते, हे काकांनीच पकडलं, ॲपने नाही. ॲपने आकडे शेजारी शेजारी ठेवले, नजर त्यांची. पुरवठादार बदलला. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी नव्या मुलाला आपली छोटी डायरी दिली आणि फोनवरून मालाची नोंद कशी करायची हेही शिकवून गेले.

गेल्या वर्षी अण्णा चाकणकडे दुसऱ्या एका साइटवर गेले. एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "साहेब, इथं मापं वहीत घेतात. तीन आठवडे झाले, बिल हलंना. आपला तो फोटोवाला फॉर्म मला मिळंल का?"

सॉफ्टवेअर कंपनीचं होतं, ते देता येत नव्हतं. रविवारी सकाळी बसून त्यांना साध्या गुगल शीटवर रकाने करून दिले: तारीख, मजला, काम, माप, फोटो. पाठवलं आणि फोन केला. अण्णांनी पाहिलं, जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अजून एक रकाना घाला साहेब. सही कुणाकडं अडलीय."